गर्भपाताच्या अनुभवांवर गोव्यात संशोधन कसं करावं: पहिल्या प्रश्नाच्या आधीपासून रेकॉर्डिंग पुसेपर्यंत

फोंडा तालुक्यातल्या एका गावात मी एका बाईच्या सोप्यावर बसले होते. दुपारी तीनची वेळ तिनेच दिली होती, कारण तेव्हा सासू आत पडलेली असते. रेकॉर्डर सुरू केला, तिने दोन वाक्यं बोलली, आणि कुळागरातून शेजारीण वर आली. हातातली केळीची पानं खाली ठेवून पायरीवर टेकली आणि विचारलं, "कोण गो ही?" मला काही सुचेना. शेवटी त्या बाईनेच सावरून घेतलं, "आंगणवाडीचें कितें तें विचारूंक आयल्या." शेजारीण अर्धा तास बसली. मुलाखत झालीच नाही, आणि माझ्या अपुऱ्या तयारीमुळे त्या बाईला स्वतःच्याच दारात खोटं बोलावं लागलं.

हा लेख त्या दुपारमुळे लिहिते आहे. समाजकार्य, नर्सिंग, स्त्री-अभ्यास किंवा सामुदायिक आरोग्य शिकणाऱ्या मुली दरवर्षी हा विषय प्रबंधासाठी घेतात. पुस्तकांत संशोधनपद्धती मिळते. पण गोव्यासारख्या जागी, जिथे वाड्यावरच्या प्रत्येक घराला प्रत्येक घराची खबर असते, तिथे नमुना किती घ्यायचा याच्या आधी गुपित कसं राखायचं याचा आराखडा करावा लागतो. बाकी सगळं त्यातून ठरतं.

प्रश्न लहान करा

"गोव्यातील गर्भपाताचा अभ्यास" हा प्रश्नच नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. संशोधनाचा प्रश्न असा असावा की त्याचं उत्तर पंधरा-वीस बायकांशी नीट बोलून मिळू शकेल. गोळ्या घेतल्यावर रक्तस्राव सुरू झाला तेव्हा बाईने पहिल्यांदा कुणाला सांगितलं? डॉक्टरांनी नवऱ्याची सही मागितली का, आणि ती नसताना काय झालं? सावंतवाडी-दोडामार्गकडून म्हापशाला किंवा बांबोळीला उपचाराला येणाऱ्या बाईने प्रवासाचं कारण घरी काय सांगितलं? असे प्रश्न हातात घ्या.

आकड्यांचा मोह होतो, म्हणून एक आकडा नीट समजून घ्या. २०१५ या वर्षासाठी भारतभरच्या गर्भपातांचा एक मोठा अंदाज काढला गेला, तो सुमारे १ कोटी ५६ लाखांचा होता. त्यातले ७३ टक्के गर्भपात दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झालेले होते. त्यासाठीची पाहणी सहा राज्यांत झाली आणि त्यात गोवा नव्हता. यातून आपल्या कामाचं सूत्र मिळतं: फक्त इस्पितळात बसून मुलाखती घेतल्या तर चारपैकी तीन अनुभव तुमच्या खोलीच्या बाहेरच राहतील.

घरोघरी जाऊन सरळ विचारणाऱ्या सरकारी पाहण्यांत हा आकडा नेहमी कमी येतो, कारण बाई अनोळखी माणसाला दारात हे सांगत नाही. किती बायकांनी गर्भपात केला हेच मोजायचं असेल तर यादीची पद्धत वापरतात. अर्ध्या बायकांना चार साधी विधानं वाचून दाखवायची: मी रक्तदाब तपासून घेतला आहे, मी लोहाच्या गोळ्या घेतल्या आहेत, अशी. उरलेल्या अर्ध्यांना तीच चार आणि पाचवं, "मी कधी तरी गर्भपात करून घेतला आहे." कुठली विधानं लागू आहेत ते कुणी सांगायचं नाही, फक्त किती लागू आहेत तो आकडा सांगायचा. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचव्या विधानाचं प्रमाण. त्यासाठी शेकड्यांनी बायका लागतात. एकट्या विद्यार्थिनीने या वाटेला न जाता खोलात जाऊन थोड्या मुलाखती घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायकांच्या शब्दांतून सुरुवात केली की काय हाती लागतं याची दोन उदाहरणं आपल्या जवळचीच आहेत. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार असल्याचं दिसलं, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दुसरं उदाहरण बार्देशातल्या हळदोण्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरातलं. गोव्यातल्या 'संगाथ' या मानसिक आरोग्याच्या संस्थेशी जोडलेल्या संशोधकांनी तिथे सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास केला. "अंगावरून पांढरं जातं" ही तक्रार जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी जास्त जोडलेली निघाली. शरीराबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा घरात सापडतं, हे मुलाखतीला जाताना ध्यानात असू द्या.

कायदा तोंडपाठ हवा

मुलाखतीत बाई तुम्हाला विचारणारच, "हें कायद्यान चलता?" तेव्हा कागद चाळत बसायचं नाही.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ चा. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि ती २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टरांचं मत लागतं, आणि ही मुदत ठरावीक परिस्थितींसाठी आहे: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच वैधव्य किंवा घटस्फोट, अपंगत्व, मानसिक आजार, गर्भातलं व्यंग, आपत्ती. २४ आठवड्यांपुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ निर्णय घेतं. गर्भनिरोधक निकामी ठरणं हे कारण पूर्वी "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" यांच्यापुरतं होतं, दुरुस्तीत तिथे "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आले. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात अविवाहित स्त्रियांनाही २४ आठवड्यांची मुदत मिळायला हवी असं सांगितलं.

संमती फक्त त्या स्त्रीची. ती १८ वर्षांवरची आणि स्वतः निर्णय घेण्याच्या मनःस्थितीत असेल तर नवऱ्याची, सासूची, आईची कुणाचीच सही कायदा मागत नाही. तरी ती मागितली जाते, आणि कायद्याच्या कागदापासून काउंटरपर्यंतचं हे अंतर मोजणं हेच मला या क्षेत्रातलं सगळ्यात उपयोगाचं काम वाटतं.

आता संशोधकासाठी महत्त्वाच्या तीन गोष्टी. पहिली, याच कायद्याचं कलम ५ अ. गर्भपात केलेल्या स्त्रीचं नाव आणि तपशील डॉक्टरने उघड करायचा नाही, केला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. इस्पितळातलं गर्भपाताचं नोंदणी-पुस्तक हा गुप्त दस्तऐवज असतो. "मॅडम, जरा रजिस्टर दाखवता का?" असं ओळखीच्या नर्सला कधीही विचारू नका. तुम्ही तिची नोकरी आणि त्या बायकांचं गुपित एकदमच पणाला लावता. आकडे हवे असतील तर लेखी अर्ज करून नावांविना एकूण संख्या मागा.

दुसरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ८८. गर्भपात घडवून आणणं हा त्यात गुन्हा आहे आणि स्वतःचा गर्भपात स्वतः करणारी स्त्रीही त्या कलमात येते. १९७१ च्या कायद्याच्या चौकटीत झालेल्या गर्भपाताला संरक्षण आहे. पण चिठ्ठीशिवाय फार्मसीतून गोळ्या आणून घरी घेतल्या, असं जेव्हा एखादी तुम्हाला सांगते तेव्हा ती किती मोठा विश्वास टाकते आहे ते ओळखा. वकील-अशील यांच्या बोलण्याला कायद्यात जसं संरक्षण असतं तसं संशोधकाच्या टिपणांना नाही. न्यायालयाने मागितलं तर द्यावं लागू शकतं. म्हणून देण्यासारखं नावच आपल्याकडे असू नये.

तिसरी, पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. २०२२ च्या त्याच निकालात न्यायालयाने अल्पवयीन मुलीचं नाव पोलिसांना न देण्याची मुभा दिली, पण ती गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांना, मुलीने आणि पालकांनी तशी विनंती केली तर. संशोधकाने ती स्वतःला लागू धरू नये. गोव्याचा स्वतःचा बालहक्क कायदाही २००३ पासून आहे. विद्यार्थिनींनी अभ्यास १८ वर्षांवरच्या स्त्रियांपुरता ठेवावा, आणि मुलाखतीच्या सुरुवातीलाच सांगावं: "अठराच्या आतल्या मुलीशी कुणाचा लैंगिक संबंध आल्याचं तुम्ही सांगितलंत तर मला ते पोलिसांना कळवावं लागेल. कोर्टानेच मागितलं नाही तर बाकी काहीही माझ्याकडून बाहेर जाणार नाही." हे आधी न सांगता नंतर कळवणं म्हणजे तिचा विश्वासघात.

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा १९९४ चा कायदा वेगळा, हेही पक्कं करा. दोन्हींची इतकी सरमिसळ झाली आहे की गर्भपात मुळातच बेकायदा आहे असं मानणाऱ्या शिकलेल्या बायका मला भेटल्या आहेत. "स्त्रीभ्रूणहत्या" हा शब्द फलकांवर वर्षानुवर्षं वाचून हे झालं. तुमच्या कागदपत्रांत तो शब्द वापरू नका. "लिंगनिवड" म्हणा.

नीती समितीकडे जाताना

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वं हा आपला पाया. २०१९ च्या नियमांनुसार आरोग्य-संशोधन तपासणाऱ्या नीती समित्यांची केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी लागते. समितीत ७ ते १५ सदस्य असतात आणि त्यांत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार, समाजशास्त्राचा माणूस आणि सामान्य नागरिकही असतो. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) काम करायचं तर तिथली समिती, विद्यापीठाचा प्रबंध असेल तर तुमच्या संस्थेची. म्हापशाचं जिल्हा इस्पितळ (जुनं आझिलो), मडगावचं जिल्हा इस्पितळ (जुनं हॉस्पिसिओ) किंवा एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र निवडलंत तर आरोग्य संचालनालयाची लेखी परवानगी वेगळी घ्या. परवानग्यांत एक सत्र सहज जातं. वेळापत्रक त्या हिशेबाने आखा.

एका मुद्द्यावर मात्र ठाम राहा. समिती बहुतेक वेळा बाईची सही असलेला संमतीपत्राचा नमुना मागते. पण अशा अभ्यासात ती सही हाच तिला ओळखण्याचा एकमेव पुरावा ठरतो. तोंडी संमतीची सोय मार्गदर्शक तत्त्वांत आहे, समितीची मान्यता मात्र हवी. अर्जात कारण लिहा: सही गोळा केली नाही तर नाव आणि अनुभव यांना जोडणारा कागदच तयार होत नाही. तोंडी संमती रेकॉर्डिंगवर घ्या, नाव न उच्चारता.

गुपिताचा आराखडा

गोवा म्हणजे ३,७०२ चौरस किलोमीटर, बारा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे साडेचौदा लाख माणसं. मुंबईतल्या अभ्यासात "कुर्ल्यातली ३० वर्षांची गृहिणी" लिहिलं तर तिला कुणी शोधू शकत नाही. इथे काय होतं ते पाहा. हा मजकूर मी रचलेला आहे, पण असे परिच्छेद मी प्रबंधांत वाचले आहेत:

"सहभागी ७, वय ३४, सत्तरीतल्या अमुक गावची. दोन मुली. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, सध्या बोटीवर. स्वतः शाळेत माध्यान्ह आहार पुरवणाऱ्या बचत गटात."

नाव नाही, पण वाळपईच्या बाजारात हा परिच्छेद वाचून दाखवला तर कुणी ना कुणी नाव सांगेल. आता हेच असं लिहून बघा:

"तिशीतली, अंतर्भागातल्या तालुक्यातली. मुलं आहेत. नवरा कामासाठी घरापासून दूर."

इथे कुणी विचारेल, मग खाणीचा तपशील गेला की! २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, ट्रकचे हप्ते थकले, आणि तिसरं मूल नको हा निर्णय त्यातून आला असेल तर तेच सांगायची गोष्ट आहे. बरोबर. मग खाण ठेवा आणि बाकीचं सोडा. गाव, मुलांची संख्या, तिचं काम यांतलं काही नको. एका परिच्छेदात ओळख पटवणारा एकच धागा राहू द्या आणि तो तुमच्या प्रश्नाला लागणाराच असू द्या. नाहीतर खाणीबद्दल वेगळ्या प्रकरणात, चार बायकांचं एकत्र करून लिहा.

मी प्रत्येक मुलाखतीचा सारांश लिहून झाल्यावर स्वतःला विचारते: हे तिच्या नणंदेच्या हाती पडलं तर? नणंदेला ओळख पटेल असं वाटलं तर आणखी एक तपशील काढते. सरकारपासून लपवणं सोपं असतं, नणंदेपासून अवघड.

बायका कशा भेटतील

अशा विषयांत "एकीने दुसरीचं नाव सांगायचं" ही पद्धत सगळीकडे शिकवतात. आपल्या गावांत ती वापरू नका. तुम्ही एका घरातून निघून दुसऱ्या घरी गेलात की तिसऱ्या घराला दोन्हींची गोष्ट कळते. त्याऐवजी उलटी दिशा ठेवा: बाईने तुमच्याकडे यावं. एक छोटी चिठ्ठी छापा, तिच्यावर "बायकांच्या आरोग्याचे अनुभव" एवढंच शीर्षक आणि अभ्यासासाठी घेतलेला वेगळा फोन नंबर. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात, लसीकरणाच्या दिवशी, महिला मंडळाच्या बैठकीत ही चिठ्ठी सगळ्यांनाच द्या. जिला बोलायचं आहे ती फोन करील. दहा चिठ्ठ्यांना एक फोन आला तरी पुष्कळ.

इस्पितळात भेटायचं तर उपचाराआधी कधीच नाही. टेबलावर जाण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला "नको" म्हटलं तर डॉक्टर रागावतील असं बाईला वाटतं, आणि ती भीतीने दिलेली संमती म्हणजे संमतीच नव्हे. पुढच्या तपासणीला ती येते तेव्हा विचारा, आणि तेही डॉक्टरांनी नव्हे, तुम्ही. एकदा एका सरकारी केंद्रात मी खोलीत वाट पाहत होते आणि बाहेरच्या शिपायाने व्हरांड्यात मोठ्याने हाक दिली, "ती गर्भपाताची मुलाखत कोणाची?" बाकावरची एक बाई उठली आणि थेट गेटबाहेर गेली. ती पुन्हा कधी आली नाही. तेव्हापासून दारावर बसणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मी अभ्यासाचं तेच साधं शीर्षक सांगते आणि बाईंना क्रमांकाने बोलावते.

कुणाच्या आडनावावरून किंवा गळ्यातल्या खुरसावरून ती बोलणार नाही असं गृहीत धरू नका. चर्चची शिकवण वेगळी आहे म्हणून ख्रिस्ती बायका टाळणाऱ्या संशोधक मी पाहिल्या आहेत. बांधकामावर, हॉटेलांत काम करणाऱ्या परप्रांतीय बायकाही अशाच सुटतात, कारण प्रश्नावली मराठीत असते. त्यांच्या भाषेतली सहकारी मिळत नसेल तर तुमच्या अभ्यासात त्या नाहीत हे ठळक लिहा.

शब्द

पेडण्यात, डिचोलीत, फोंड्यात शाळा मराठीतून झालेली बाई वर्तमानपत्र मराठी वाचते, देवळात आरती मराठीत म्हणते आणि दुखणं कोंकणीत सांगते. म्हणून माहितीपत्रक मराठीत आणि बोलणं कोंकणीत, ही व्यवस्था मला सगळ्यात बरी वाटते. तिला विचारून ठरवा.

"गर्भपात" हा कागदावरचा शब्द आहे. तो उच्चारला की बाई ताठ बसते. ती स्वतः काय म्हणते ते ऐका. "दिवस गेले होते, मग साफ करून घेतलं." "पिशवी धुतली." "क्युरेटिंग केलं." "गोळ्या घेतल्या, सुटलं." कोंकणीत "नितळ केलें". यातला "क्युरेटिंग" हा शब्द फार फसवा. आपोआप गर्भ पडल्यावर पिशवी साफ केली तरी क्युरेटिंग, नको म्हणून काढून घेतलं तरी क्युरेटिंग, आणि पाळीत फार जातं म्हणून तपासणीसाठी केलं तरी क्युरेटिंगच. दोन वाक्यांनी वेगळं करता येतं: "तेव्हा दिवस गेले होते का?" आणि "ते आपोआप सुटायला लागलं होतं, की तुम्ही ठेवायचं नाही असं ठरवलं होतं?" तिसरा प्रश्न कशाने, गोळ्यांनी की डॉक्टरांच्या टेबलावर. हे तीन प्रश्न नीट विचारले नाहीत तर तुमची सगळी आकडेवारी सरमिसळीची होईल.

आणि "का केलंत?" विचारू नका. मराठीत "का" हा शब्द उलटतपासणीचा आहे. आईने, सासूने, नर्सने तिला तेच विचारलेलं असतं. "त्या दिवसांत घरात काय काय चाललं होतं?" असं विचारलं की बाई गॅसच्या सिलिंडरपासून सुरू करते, आणि दहा मिनिटांत कारण आपोआप येतं. प्रश्नावली लिहून झाली की घरातल्या एखाद्या काकीला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तिचा चेहरा आखडतो तो प्रश्न बदला.

मुलाखतीचा दिवस

जागा तिने निवडावी. बाईचं घर हे नेहमीच सुरक्षित ठिकाण नसतं. आमच्या मुलाखती वाचनालयाच्या मागच्या खोलीत झाल्या आहेत, पंचायतीच्या रिकाम्या सभागृहात झाल्या आहेत, आणि फोनवरही, ती गाई आणायला निघालेली असताना. फोन करण्याआधी एक खुणेचं वाक्य ठरवा. ती "शिलाईचं माप नंतर देते" म्हणाली की कुणीतरी जवळ आलं, फोन ठेवायचा.

समोरासमोर भेटताना सोबत एक दुसरी प्रश्नावली ठेवा, अगदी खरी वाटणारी: जेवणात पालेभाजी किती, रक्त तपासलं का, थकवा येतो का. कुणी आलं की कागद बदलायचा आणि त्याच सुरात पुढचा प्रश्न विचारायचा. स्त्रियांवरच्या हिंसाचाराच्या अभ्यासांत ही युक्ती जुनी आहे. त्या दुपारी माझ्याकडे तो दुसरा कागद असता तर शेजारणीला मी स्वतःच उत्तर दिलं असतं. बाईला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे ती गोंधळत नाही.

सुरुवात पहिल्या पाळीपासून करा. शाळेतली पहिली पाळी, लग्न, पहिलं बाळंतपण, असं चालत चालत त्या प्रसंगापर्यंत या. एकदम तिथे उडी मारू नका. ती गप्प झाली तर तुम्हीही गप्प राहा. रडली तर रेकॉर्डर बंद करा, पाणी द्या, आणि थांबायचं की पुढे जायचं ते तिलाच विचारा.

शेवटी पंधरा मिनिटं तिच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा. ते बहुतेक हेच असतात. पुन्हा दिवस राहतील ना? नीट, सुरक्षित झालेल्या गर्भपातामुळे सहसा पुढच्या गरोदरपणाला बाधा येत नाही, असं सांगा. आणि हेही सांगा की गर्भपातानंतर दोन आठवड्यांच्या आतही पुन्हा दिवस जाऊ शकतात, त्यामुळे साधन लगेच हवं. "पाप झालं का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं. मी तिचा हात धरते आणि म्हणते, तुम्ही त्या वेळी जे ठरवलं ते घर बघून ठरवलंत.

मदत लागली तर

तुम्ही डॉक्टर नाही, पण काही खुणा तुम्हाला पाठ हव्यात, कारण तुमच्यासमोर बसलेल्या बाईने गोळ्या परवाच घेतलेल्या असू शकतात. लागोपाठ दोन तास, तासाला दोन किंवा जास्त मोठे पॅड भिजणं, चोवीस तासांहून जास्त ताप, घाण वासाचा स्राव, न थांबणारी पोटदुखी, चक्कर येऊन पडणं, खांद्याच्या टोकाला दुखणं. यातलं काहीही असलं तर मुलाखत तिथेच बंद आणि १०८ ला फोन. खांदादुखी आणि चक्कर यांना विशेष जपा. गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी तो पडत नाही आणि आत रक्तस्राव होऊ शकतो.

मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, घरातल्या मारहाणीसाठी १८१. हे नंबर वेगळ्या चिठ्ठीवर देऊ नका. चिठ्ठी पर्समध्ये सापडते. तिच्या फोनमध्ये "शिलाई" किंवा "गॅस" अशा नावाने साठवून द्या, ती हो म्हणाली तर.

रेकॉर्डिंग आणि उतारा

स्वतःच्या मोबाइलवर रेकॉर्ड केलंत की ते आपोआप कुठल्या तरी क्लाउडवर जातं आणि घरातल्या टॅबवर उघडतं. इंटरनेटशी न जोडलेला साधा रेकॉर्डर घ्या. फाइलला क्रमांक द्या, तारीखही नको. फोन नंबरांची वही वेगळी, कुलपात, आणि मुलाखती संपल्या की फाडून टाकायची. व्हॉट्सॲपवर मार्गदर्शकांना उतारा पाठवायची घाई करू नका, उतारा कागदावर न्या.

उतारा करताना तिची कोंकणी तशीच देवनागरीत लिहा आणि खाली मराठी अर्थ द्या. एका बाईने म्हटलं होतं, "हांवें कोणाक सांगलें ना, न्हंयक सांगलें." कुणालाच नाही, नदीला सांगितलं. कपडे धुताना. मराठीत मी आधी "मी ही गोष्ट मनातच ठेवली" असं लिहिलं होतं, आणि तिची नदी गेली. पुन्हा बसून दुरुस्त केलं. विश्लेषण करताना असे उतारे कोड (विषयवार खुणा) लावून कापत जाता तेव्हा दर दहा पानांनी मागे जाऊन एक पूर्ण मुलाखत सलग वाचा, नाहीतर बाई हरवते आणि नुसते विषय उरतात.

टिपणं अभ्यासानंतर किमान तीन वर्षं जपावी लागतात, पण आवाज जपायची गरज नसते. उतारा तपासून झाला की आवाज पुसायची परवानगी अर्जातच मागून ठेवा.

परत नेऊन देणं

प्रबंध जमा केला की बहुतेक अभ्यास तिथेच संपतात. निदान दोन ठिकाणी जा. जिथे काम केलं त्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडे आणि परिचारिकांकडे, एक पान मराठीत: सही कुणाची लागते, हाक कशी मारावी, पुढच्या तपासणीला बाई का येत नाही. सुनावण्याच्या सुरात नको. त्यांच्यावरही कामाचा भार असतो आणि कायद्याची भीती असते. दुसरं महिला मंडळात, कुठल्याही एका बाईची गोष्ट न सांगता. वर्तमानपत्रात लिहायचं ठरलं तर मथळा काय येणार ते आधी विचारून घ्या, आणि आकडा छापायचा तर तो किती बायकांच्या बोलण्यावरून आला तेही त्याच वाक्यात छापायला सांगा.

सोप्यावरच्या त्या बाईशी पुढे मुलाखत झाली, दोन महिन्यांनी, फोनवर, तीही तिने स्वतः फोन केल्यावर. उतारा तयार झाल्यावर मी तिला तो वाचून दाखवला. एक वाक्य तिने काढायला सांगितलं, नवऱ्याबद्दलचं. माझ्या विश्लेषणात ते वाक्य फार मोलाचं होतं. मी ते काढलं, आणि ती ऐकत असतानाच आवाजाची फाइल पुसली. "गेलें?" तिने विचारलं. "गेलें," मी म्हटलं.